लॅपटॉप आपला, पैसे आपले, मग रॅम आपण वाढवायची नाही काय?

राजहंसगडी
नमस्कार मंडळी. पोरगी इंजिनिअरिंगला हाय, दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांमागं तिला लॅपटॉप घेऊन दिलो, ८ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी ओ) आणि साठवायला ५१२ जीबीचा एसएसडी. घेताना दुकानदार तोंडभरून म्हटला, पुढं लागली तर रॅम वाढवता येतीय की काका, काय काळजी करू नका. आता ती कॅडचं, म्हणजे डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर उघडली आणि बाजूला ब्राउझर लावली की मशीन गप्प बसतंय, पंखा तेवढा भुंईऽऽ करून ओरडतोय. परवा बेळगावात सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलतो. काउंटरवरचा एकजण म्हटला, बाहेर उघडलासा तर वॉरंटी गेली म्हणून समजा. शेजारी बसलेला दुसरा म्हटला, ह्या मॉडेलला रॅम वाढतच नाही, नवीन घ्या. आता वाढतच नसेल तर उघडून वॉरंटी घालवायचा प्रश्न कुठं येतोय, हे मी तिथंच विचारलो तर दोघंबी माझ्याकडं बघत बसले.

माझ्या गाडीचा प्लग मी बदलतो, विहिरीवरची मोटार मी उघडतो, मग ७० हजाराच्या वस्तूत एक पट्टी घालायला मला का येऊ नये? वॉरंटी अजून पाच महिने हाय. जाणकारांनी सांगा, वाढतीय की नाही, आणि मी घातलो तर चालतंय की नाही.

सर्किट_शहापूर
काका, आधी घाबरू नका आणि आधी उघडूही नका. स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर येतो, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी. उजवीकडं खाली दोन ओळी बघा, स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसायच्या जागा, किती पैकी किती वापरलेत आणि फॉर्म फॅक्टर काय लिहिलंय. एसओडिम लिहिलं असेल तर पट्टी काढघाल करता येते. रो ऑफ चिप्स लिहिलं असेल तर चिपा बोर्डालाच सोल्डर केलेल्या, म्हणजे कायमच्या चिकटवलेल्या. काय येतंय ते इथं टाका, मग बोलू.

मी हेच काम करतो, चिप लेव्हल रिपेअरी, म्हणून सांगतो, निम्म्या गिऱ्हाइकांना आपल्या मशीनमध्ये काय आहे हे माहीतच नसतं आणि बऱ्याच दुकानदारांनापण.

टिळकवाडी_टवाळ
दुकानदार खोटं कुठं बोलला? "वाढवता येते" म्हटला, कुणाला येते ते सांगितला नाही 😄

राजहंसगडी
बघितलो. पोरगीकडनंच बघून घेतलो खरं म्हणजे. स्लॉट २ पैकी २. फॉर्म फॅक्टर रो ऑफ चिप्स. स्पीड ३२००. म्हणजे विषय संपला म्हणायचा काय?

कॅम्पातला_मॅकवाला
संपला. रो ऑफ चिप्स म्हणजे गेलं. विका आणि १६ वाला घ्या, उगंच वेळ घालवू नका. माझ्याकडे मॅक आहे, मी घेतानाच १६ घेतली, त्यानंतर कधी विचार केला नाही.

सर्किट_शहापूर
थांबा थांबा. दोन पैकी दोन आणि रो ऑफ चिप्स असं असलं तर घाईनं निकाल देऊ नका. टास्क मॅनेजर फॉर्म फॅक्टरच्या जागी एकच नाव दाखवतो. मशीनमध्ये एक भाग सोल्डर केलेला आणि एक स्लॉट मोकळा ठेवलेला, अशी मिश्र मॉडेलं स्वस्त गटात भरपूर आहेत. ४ जीबी बोर्डावर आणि ४ ची पट्टी स्लॉटात, मिळून ८. टास्क मॅनेजर बऱ्याचदा त्यातल्या सोल्डर केलेल्या भागाचंच नाव दाखवतो आणि माणूस समजतो की सगळंच चिकटवलंय. तुमच्या त्या दुसऱ्या काउंटरवाल्यानंपण एवढंच बघून सांगितलं असणार.

आता सीपीयू झेड नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर घाला. त्यात एसपीडी टॅब, दोन्ही स्लॉट एकेक निवडून बघा. एकात ४ आणि दुसऱ्यात ४, आणि दोन्हीकडं पार्ट नंबर किंवा कंपनी वेगवेगळी दिसली तर माझा अंदाज बरोबर. सोल्डर केलेल्याची माहिती कधीकधी कोरी येते, तेही एक लक्षणच. मग पक्कं करायला तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. डेल, एचपी, लेनोवो तिन्ही कंपन्या स्वतःच्या साइटवर मॅन्युअल फुकट ठेवतात, कुठला स्क्रू कुठं, कव्हर कसं काढायचं, सगळं चित्रासहित. कंपनीच जर रॅम काढायची कशी हे लिहून ठेवते तर उघडला की संपलं असं म्हणणारा काउंटरवाला कोण?

टिळकवाडी_टवाळ
काका मॅन्युअल इंग्लिशमध्ये असणार हां. सर्व्हिस सेंटरवाल्यानं पण त्याचमुळं वाचलं नसेल.

कॅम्पातला_मॅकवाला
मिश्र प्रकार असतो हे माहीत नव्हतं, माघार. पण मूळ मुद्द्यावर बोलायचं तर, लोक अॅपलला शिव्या देतात तेवढं अॅपल एकटं दोषी नाही आणि तेवढं निर्दोषपण नाही. माझ्या आधीची मशीन होती २०१२ ची १३ इंची मॅकबुक प्रो, रेटिना (बारीक ठिपक्यांचा स्क्रीन) नसलेली, सीडी ड्राइव्ह वाली. मागचे दहा स्क्रू काढले की दोन स्लॉट समोर. कंपनी सांगायची जास्तीत जास्त ८, मी १६ घातली, आठ वर्षं चालवली, आता भाच्याकडं आहे. त्याच वर्षी आलेल्या रेटिनावाल्या मॅकबुक प्रोमध्ये मात्र मेमरी सोल्डर. एकच वर्ष, एकच नाव, एक उघडायची आणि एक न उघडायची. मॅकबुक एअर तर पहिल्यापासूनच तशी.

गंमत मॅक मिनीची, अॅपलच्या छोट्या डेस्कटॉपची. २०१४ मध्ये सोल्डर करून टाकली, लोकांनी बोंबाबोंब केली, २०१८ मध्ये परत स्लॉट दिले, आणि २०२० मध्ये अॅपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आल्यावर मेमरी थेट प्रोसेसरच्या शेजारी एकाच पॅकेजमध्ये बसवली. तिथनं पुढं स्क्रू काढून उपयोगच नाही. २७ इंची आयमॅकला मागं छोटं दार होतं, बोटानं बटण दाबायचं आणि रॅम घालायची, २०२० च्या मॉडेलपर्यंत. आणि मॅक प्रो, २०१९ च्या मशीनमध्ये दीड टेराबाइटपर्यंत पट्ट्या घालता यायच्या, २०२३ च्या मॉडेलला घेताना घेतली तेवढीच. एवढं ढेरपोट्या कॅबिनेट, आत कार्ड घालायला जागा, पण रॅमला नाही.

उद्यमबाग_सीएनसी
हेच तर मला कळत नाही. पातळ करायला सोल्डर करतात हे लॅपटॉपला ठीक आहे. डेस्कटॉपला कशाला? सरळ सांगा की ८ वरनं १६ वर जायला कंपनी जेवढे जास्त पैसे लावते तेवढ्यात बाजारात दोन पट्ट्या आल्या असत्या, म्हणून चिकटवतात. धंदा आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये १७ वर्षं जुना पीसी आहे, डीडीआर२ ची म्हणजे जुन्या पिढीची रॅम, विंडोज एक्सपी, सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवायला. रॅम गेली की शनिवारी जुन्या बाजारातनं पट्टी आणायची आणि घालायची. नवीन मशीनमध्ये एक चिप गेली की सगळा बोर्ड बदला.

सर्किट_शहापूर
अण्णा, पैशाचा मुद्दा मान्य. पण सगळा दोष लबाडीचा नाही, थोडं विजेचंपण गणित आहे. साधी डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते. पातळ लॅपटॉपला जी एलपीडीडीआर घालतात ती मोबाइलच्या घराण्यातली, बॅटरी कमी खाते, विशेषतः मशीन झोपलेलं असताना. तिचा वेग इतका वाढवलाय की प्रोसेसर ते चिप मधला रस्ता जितका आखूड तितकं बरं, मध्ये स्लॉटचे पितळी ओठ आले की सिग्नल बिघडतो. फ्रेमवर्क नावाची कंपनी आहे, तिचा सगळा धंदाच गिऱ्हाइकानं स्वतः उघडावं यावर उभा, तिनंसुद्धा २०२५ च्या डेस्कटॉपमध्ये मेमरी सोल्डर केली कारण आतल्या एएमडी कंपनीच्या प्रोसेसरला पाहिजे तेवढा वेग स्लॉटातनं मिळेना. तेव्हा तंत्राची अडचण खोटी नाही.

पण त्यावर उपायपण निघालाय. कॅम२ म्हणून. पट्टी स्लॉटात खुपसायची नाही, सपाट कार्ड बोर्डावर ठेवून स्क्रूनं आवळायचं. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचं स्टँडर्ड ठरलं, २०२४ मध्ये थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत एलपीडीडीआर असूनसुद्धा काढता येणारी आली. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मनात आणत नाहीत हा तुमचा मुद्दा, तो घ्या.

आणि सोल्डर केलेली अजिबात वाढत नाही असंपण नाही. चिपा उपटून मोठ्या चिपा बसवायच्या, बोर्डावरचे बारीक रेझिस्टर हलवायचे जेणेकरून मशीनला नवी साइज कळेल. मी दोन केलेत. एक चालला. एक गिऱ्हाइकाला भरून दिला. म्हणून आता हात जोडतो.

करदंट_गोकाक
डेस्कटॉपवाल्यांनो तुम्ही लई हसू नका, स्लॉट असून फसायचं कसं ते माझ्याकडनं शिका. माझा जुना इंटेलचा डेस्कटॉप, डीडीआर३. ऑनलाइन ८ ची पट्टी एकदम स्वस्त दिसली, बाकीच्यांच्या निम्म्यात. मागवलो. आली. घातलो. बीऽऽप बीऽऽप. काढलो, पुसलो, परत घातलो, परत बीप. शेवटी खोक्यावर बारीक अक्षरात बघतो तर "फक्त एएमडीसाठी". ह्या पट्ट्यांत चिपांची मांडणीच वेगळी असते म्हणे, इंटेलचा कंट्रोलर तिला ओळखतच नाही. परत करायची मुदत तोवर गेली. ती पट्टी आता टीव्हीच्या शोकेसमध्ये आहे, बायको म्हणते फ्रेम करा.

चिकोडीची_मास्तरीण
गोकाकचे सर, तुम्ही एकटे नाही 🙂 माझ्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागत होती, शेवटी एल. मी साधी डीडीआर३ आणली. दिसायला सारखी, खाचा सारखी, पिना दोन्हीच्या २०४, बसलीसुद्धा टक्क करून. पण साधी १.५ व्होल्टची आणि एलवाली १.३५ ची. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपना साधी चालत नाही. स्क्रीन काळी. मला वाटलं मीच जाळलं. दोन दिवस घरात कुणाला सांगितलं नाही.

नंतर बरोबर पट्टी मिळाली आणि ती मी स्वतः घातली, त्याला आता सहा वर्षं झाली. काका, तुम्हाला अवघड जाणार नाही. स्क्रू काढल्यावर कव्हर लगेच निघत नाही, कडेला आत प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. तिथं स्क्रू ड्रायव्हर घालू नका, कडा तुटतात, संपलेलं एटीएम कार्ड घ्या आणि कडेनं हळूहळू फिरवा, टक् टक् आवाज येत जातो, पहिल्यांदा काळजात धस्स होतं. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढायची. त्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मी स्टाफरूममध्ये सांगितलं की मी रॅम बदलली तर आमचे एक सर म्हणाले, मिस्टरांनी मदत केली असेल. मिस्टर बाहेर टॉर्च धरून उभे होते, एवढीच मदत.

निपाणी_डीटीपी
माझं सांगतो, लग्नपत्रिका, फ्लेक्स, तंबाखूच्या पिशव्यांची लेबलं असलं काम. टायपिंगला मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी, दोन्ही सॉफ्टवेअर एकाच मशीनवर पाहिजे कारण निम्म्या पत्रिका दोन्ही भाषेत असतात, नवऱ्याकडचे इचलकरंजीचे आणि नवरीकडचे हुक्केरीचे असले की विचारू नका. तर पान जुळवायचं पेजमेकर बंद पडायला लागलं म्हणून मी कोल्हापुरात जाऊन ४ च्या दोन पट्ट्या आणल्या, आधीची ४ काढली, ८ केली. सुरू केलं तर कॉम्प्युटर म्हणतो ८ बसवली आहे, त्यातली वापरता येणारी ३.४. दुकानदाराला फोनवर तासभर भांडलो. तो बिचारा म्हणत होता विंडोज बघा विंडोज बघा. विंडोज ७ होती, ३२ बिटची. ३२ बिटची विंडोज चारच्या पुढं मोजतच नाही आणि त्यातलंही थोडं बाकीच्या हार्डवेअरला जातं. ४ होती तेव्हापण ३.४ च दिसत होती, मी कधी बघितलंच नव्हतं. ६४ बिटची घातल्यावर ८ दिसली पण जुना प्रिंटर बोलेनासा झाला. ती वेगळी कथा.

आणि खरं सांगू? फरक पडला तो रॅमनं नाही, हार्डडिस्क काढून एसएसडी घातल्यावर पडला. काकांकडं एसएसडी आहे म्हणून त्यांचा प्रश्न रॅमचाच, पण हे वाचणारे बाकीचे आधी ते बघा.

राजहंसगडी
सर्किट साहेब, तुम्ही देव माणूस. सीपीयू झेडमध्ये दोन्हीकडं ४ ४ हाय आणि एका बाजूला कंपनीचं नाव वेगळं. मॅन्युअल पोरगी उतरवून घेतली, त्यात चित्र हाय, पत्र्याच्या झाकणाखाली एक स्लॉट. पण त्याच कंपनीच्या माहितीत लिहिलंय जास्तीत जास्त १२. मग १६ ची पट्टी घालून २० होईत काय नाही? आणि वॉरंटीचं कुणी सांगितलंच नाही.

कागदी_घोडे
वॉरंटीचं मी सांगतो, कोर्टात असतो. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

आपल्याकडं उघडलं की वॉरंटी रद्द असा कायदा नाही आणि उघडलं तरी वॉरंटी राहीलच असाही खास कायदा अजून नाही. वॉरंटी म्हणजे करार, आधी कार्ड वाचा. बऱ्याच कंपन्या ज्या भागाला गिऱ्हाइकानं बदलण्याजोगा म्हणतात त्यात रॅम असते, तो बदलल्यानं वॉरंटी जात नाही, पण बदलताना तुमच्या हातनं स्लॉट मोडला तर तो खर्च तुमचा, हे योग्यच आहे. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन मॉस कायदा आहे, त्याच्या जोरावर २०१८ मध्ये तिथल्या ट्रेड कमिशननं सहा कंपन्यांना पत्रं धाडली की बाहेरचा पार्ट वापरला तर वॉरंटी रद्द असल्या अटी लावू नका. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. तिथं कंपन्यांनी मॅन्युअल आणि सुट्या भागांची माहिती द्यायची असं आहे. पोर्टल आहे, कायदा नाही, फरक लक्षात घ्या.

तुम्ही एक करा. त्या सर्व्हिस सेंटरवाल्यांकडं तोंडी नको, मेलवर लिहून मागा, "मी रॅम बदलल्यास वॉरंटी कुठल्या कलमानुसार रद्द होईल ते कळवावे". नव्वद टक्के वेळा भाषाच बदलते. नाहीच बदलली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, ती सतरा भाषांत चालते, मराठीत बोला नाहीतर कन्नडात बोला.

टिळकवाडी_टवाळ
बेळगावात कुठल्या भाषेत बोलायचं याची हेल्पलाइन कुठली? 😄

कागदी_घोडे
त्याची केस सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, नंबर आला की सांगतो.

कणकुंबीचा_पाऊस
रॅमचा धागा हाय, सीमाप्रश्न नको रे बाबांनो, दोन्ही सुटायचं नाही. आमच्याकडचं एक सांगतो. आमच्या भागात जूनपासून चार महिने भिंतीला बुरशी, कपाटात बुरशी, तर कॉम्प्युटरचं काय. दर पावसाळ्यात माझा पीसी तीन बीप देऊन बंद. पहिल्यांदा खानापूरला नेलो, तिथला पोरगा रॅम काढला, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासला, परत घातला, चालू. तीनशे रुपये घेतला. दुसऱ्या वर्षी मीच केलो. तेव्हा रॅम गेली म्हणून नवीन घ्यायच्या आधी काढून घालून बघा.

सर्किट_शहापूर
खोडरबर चालतो पण लई घासू नका, मुलामा पातळ असतो, आणि रबराचा चुरा स्लॉटात जातो. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाला लावून पुसणं बरं. हात लावायच्या आधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली स्टॅटिक काढायची. आत्ता थंडीत हवा कोरडी आहे, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो तो तोच प्रकार. उंदराच्या शेपटीएवढी ठिणगी, पण चिपला पुरते.

आता काकांचं २० होतं का. कंपनी १२ लिहिते म्हणजे तिनं ८ ची पट्टी घालून तपासलंय. लेनोवोच्या माहितीपत्रात तर स्वच्छ टीप असते की जास्तीत जास्तचा आकडा आम्ही तपासलेल्या मेमरीवरनं आहे, यापेक्षा जास्तही चालू शकेल. वर मॅकवाल्यांची ८ ची १६ झाली तोच हा प्रकार. बहुतेक वेळा १६ ची चालते. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे, दुकानदाराकडनं परत घेण्याच्या बोलीवर घ्या. डीडीआर४ लॅपटॉपची, ३२०० ची. डीडीआर५ आणलात तर बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी आहे, जबरदस्ती केली तर स्लॉट जाईल.

अजून एक. बोर्डावर ४ आणि स्लॉटात ८ असलं की पहिले ४ ४ जोडीनं पळतात, उरलेले ४ एकटे चालतात. समान जोडीएवढा वेग मिळत नाही पण पोरीच्या कामाला जागा पुरणं महत्त्वाचं, वेगाचा फरक तिला कळणारसुद्धा नाही.

राजहंसगडी
किंमत बघितलो आणि गप्प बसलो. १६ ची पट्टी केवढ्याला? दोन वर्षांमागं शेजाऱ्यानं घेतली तेव्हाच्या दुपटीच्या वर सांगूल्यात. बेळगावात दोन ठिकाणी विचारलो, चुकून डझनाचा भाव सांगूलास काय म्हटलो.

निपाणी_डीटीपी
चूक नाही ओ. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि एआयवाल्या डेटा सेंटरला लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, सगळे तिकडं पळाले. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशियल ह्या नावानं आपल्यासारख्यांना विकणं बंद. म्हणजे तिकडं कुणीतरी कॉम्प्युटरला कविता करायला सांगायचं आणि इकडं माझी पत्रिका छापायची थांबायची.

उद्यमबाग_सीएनसी
काका, माझ्याकडं डीडीआर४ ची लॅपटॉपची ८ जीबी पट्टी आहे, ३२०० ची. ऑफिसच्या लॅपटॉपला ३२ केली तेव्हा काढलेली, डब्यात पडून आहे. तुमची कंपनी ८ च्या पट्टीला तर हो म्हणतेच. येऊन घेऊन जा. चालली तर कुंदा आणा, नाही चालली तर पट्टी परत आणा.

टिळकवाडी_टवाळ
चालली नाही तरी कुंदा आणावा असा माझा प्रस्ताव. धाग्यातल्या सगळ्यांना.

राजहंसगडी
काल रविवारी केलो. सविस्तर लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

सीएनसी अण्णांकडनं पट्टी घेऊन आलो. जेवणानंतर टेबलावर पांढरा कपडा अंथरलो, एटीएम कार्ड, छोटा स्क्रू ड्रायव्हर, सगळं मांडलो, बायको म्हटली कसलं ऑपरेशन चाललंय. पोरगी मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत होती. मास्तरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणं कार्ड फिरवलो, टक् टक् आवाज आला, खरंच काळजात धस्स होतंय. बॅटरीची वायर काढलो. पत्र्याचं झाकण उचललो तर खाली पट्टी. बाजूच्या दोन खिट्ट्या बाहेर सारल्या की ती आपोआप वर उचलती. नवीन तिरकी धरून आत सारायची आणि खाली दाबायची, पहिल्यांदा अर्धीच गेलेली, दात दिसत होते, परत काढून सारलो तेव्हा टक्क वाजली.

चालू केलो. काळी स्क्रीन. पंखा फिरूलाय, दिवा हाय, स्क्रीन काळी. माझ्या हातापायातलं पाणी पळालं. पोरगी म्हटली बाबा थांबा थांबा, पण मी बंद करून परत उघडलो, परत दाबलो, परत चालू केलो, परत काळी.

सर्किट_शहापूर
मग? थांबला नाहीत ना? रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मशीन नवीन मेमरीची ओळख करून घेतं, त्याला वेळ लागतो. डीडीआर५ ला तर कधीकधी काही मिनिटं.

राजहंसगडी
तेच तर. दुसऱ्यांदा पोरगी लॅपटॉप माझ्या हातातनं काढून घेतली आणि म्हटली चहा पिऊन या. चहा पिऊन आलो तर स्क्रीनवर तिच्या मांजराचा फोटो. टास्क मॅनेजर उघडली, १२ जीबी. कॅड आणि ब्राउझर दोन्ही उघडून दाखवली, पंखा ओरडला नाही. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर, लावून ठेवलो होतो, एकपण चूक नाही.

सर्व्हिस सेंटरला मेल घातलेलो त्याचं उत्तरपण आज आलं. "रॅम बदलल्याने वॉरंटीवर परिणाम होत नाही, मात्र बदलताना झालेले नुकसान वॉरंटीत येणार नाही." काउंटरवर हे तोंडानं सांगायला काय पैसे पडत होते?

कागदी_घोडे
मेल जपून ठेवा. डिलीट करू नका.

चिकोडीची_मास्तरीण
अभिनंदन काका! लेकीचं जास्त 🙂

राजहंसगडी
एकच शंका राहिलीय. सगळं बंद केल्यावर टेबलावर एक स्क्रू उरलाय. लॅपटॉप चालू हाय, कव्हर हलत नाही. सोडून दिलो तर चालतंय काय?

सर्किट_शहापूर
लांबडा की बुटका?

राजहंसगडी
बुटका.

सर्किट_शहापूर
मग बुटक्याच्या जागी लांबडा गेला असणार. बहुतेक पुढं, हात टेकतो त्या बाजूला, बुटके तिकडंच असतात. लांबडा जास्त आवळला तर वरनं प्लास्टिक फुगतं नाहीतर तडा जातो. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, उलटा करा आणि पोरीनं काढलेले फोटो समोर ठेवून एकेक जुळवून घ्या. आणि यावेळी चहाआधी.